शेततळ्यातल्या रोहूला समुद्रातली पिल्लं कशाला? (पेंडींवरचं मत्स्यखाद्य – अनुभव हवेत)

तळ्याकाठी

नमस्कार मंडळी. लांबलचक लिहिणार आहे, पण बरेच दिवस मनात साठलंय ते एकदा मांडतोच.

मी लातूरच्या औसा तालुक्यातला. तीन वर्षांपूर्वी शेततळं केलं, ३० बाय ३० मीटरचं, प्लास्टिकचं अस्तर घातलेलं. पाणी खरं तर द्राक्षबागेसाठी. पाणी आहेच तर मासे सोडू म्हणून रोहू, कटला आणि थोडा मृगळ सोडला. पहिल्या वर्षी तयार तरंगतं खाद्य घातलं. मासा छान वाढला. पण विक्रीनंतर वही उघडली तर निम्म्याहून जास्त पैसा एकट्या खाद्यात गेलेला.

माझं आजोळ रत्नागिरीचं. गेल्या मे महिन्यात गेलो होतो तेव्हा मामाबरोबर पहाटे मिरकरवाडा बंदरावर गेलो. एका बाजूला सुरमई, कोळंबी, बर्फाच्या पेट्या, लिलावाची घाई. दुसऱ्या बाजूला एक ढीग, ज्याच्याकडे कुणी बघतसुद्धा नव्हतं. बोटभर लांबीचे बांगडे, तारली, पेडवे, माकुलाची पिल्लं, नखाएवढे खेकडे, सगळं एकत्र कालवलेलं. बर्फ नाही. एक माणूस फावड्याने ते टेम्पोत भरत होता. मामाला विचारलं तर म्हणाला, "ही फिशमीलला जाते. वाळवून दळायची." माझी आजी तारली हळद-मीठ-तिरफळ लावून शिजवायची, आठवड्यातले चार दिवस घरात तेवढाच मासा असायचा. त्याच तारलीची पिल्लं तिथे फावड्याखाली होती.

घरी येऊन खाद्याचं पोतं उलटं करून वाचलं. घटकांत सोयाबीन, तांदळाचा कोंडा, मका, आणि फिशमील. म्हणजे ती टेम्पोतली पिल्लं माझ्या रोहूच्या तोंडात. रोहू तर शाकाहाराकडे झुकणारा मासा, त्याला हे लागतं कशाला?

तेव्हापासून ठरवलं की आपलं खाद्य आपण करायचं, नुसत्या पेंडींचं. आमच्याकडे सोयाबीन घरचंच. ते गिरणीतून भरडून आणलं, कोंड्यात मिसळलं आणि दोन महिने घातलं. सोयाबीनमध्ये ४० टक्क्यांच्या आसपास प्रोटीन असतं हे वाचलं होतं, त्यामुळे मी निर्धास्त होतो. दोन महिन्यांनी जाळं टाकून २० मासे मोजले. सरासरी ३१० ग्रॅमवरून ३३५ ग्रॅम. दोन महिन्यांत २५ ग्रॅम! मासे मेले नाहीत, आजारी दिसले नाहीत, खाद्यही खात होते. फक्त वाढले नाहीत.

कुठे चुकलं? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया लिहा. मला फिशमीलकडे परत जायचं नाही.

---

मत्स्यपोषण

तुमचा धागा वाचून फार बरं वाटलं. मी मत्स्यविज्ञानाची पदवी घेतली, आता खाद्याच्या प्रयोगशाळेत काम करते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

तुमचं सोयाबीन कच्चं होतं. चूक तिथेच झाली. कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन इनहिबिटर असतो. ट्रिप्सिन हे आतड्यातलं प्रोटीन तोडणारं विकर (एन्झाइम), हा पदार्थ त्यालाच जखडून टाकतो. मासा खातो, पोट भरतं, पण प्रोटीन तुटतच नाही, न पचता बाहेर पडतं. कोंबडीत हेच होतं, माणसातही. म्हणून आपण सोयाबीन कधी कच्चं खात नाही.

ओलसर उष्णतेने हा इनहिबिटर मोडतो. भिजवलेलं सोयाबीन अर्धा तास चांगलं उकळा, किंवा तेल गिरणीतली डीओसी, म्हणजे तेल काढून उरलेली सोयापेंड घ्या. तेल काढल्यावर ती वाफेवर भाजलेली असते. डीओसीत प्रोटीनही जास्त, ४५ ते ४८ टक्के. अख्ख्या दाण्यात १८-२० टक्के तेल असतं, रोहूला एवढं तेल नको.

डीओसी नीट भाजली आहे का हे घरी तपासता येतं. कच्च्या सोयाबीनमध्ये युरिएज नावाचं विकर असतं. तेही उष्णतेनेच मरतं, म्हणून ते जिवंत आहे का यावरून भाजणीचा अंदाज येतो. एका बरणीत दोन चमचे डीओसी, चिमूटभर युरिया आणि थोडं कोमट पाणी घ्या. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेला कागदाचा तुकडा ओला करून झाकणाच्या आतून चिकटवा आणि झाकण लावा. वीस मिनिटांनी उघडा. अमोनियाचा झणझणीत वास आला आणि कागद लालसर झाला, तर माल कच्चा. कागद पिवळाच राहिला तर ठीक. प्रयोगशाळेत हेच काम मोजून-मापून होतं, पण दुकानदारासमोर उभं राहायला एवढं पुरतं.

उलट बाजूही सांगते. डीओसी जास्त भाजली, तांबूस-करपट झाली, तर लायसिन हे अमिनो आम्ल (प्रोटीनचा एक घटक) साखरेशी बांधलं जातं आणि माशाला मिळत नाही. तेव्हा फिकट पिवळसर, भाजल्याचा मंद वास असलेली घ्या. तपकिरी नको.

---

भंडारा_तलाव

आमच्याकडे मालगुजारी तलावात पिढ्यान् पिढ्या मासे होतात. आमच्या ढिवर समाजाच्या सोसायट्या ते तलाव घेतात. खाद्य घातलं तर कोंडा आणि शेंगदाण्याची ढेप, निम्मं निम्मं. बहुतेक वेळा तेही नाही, शेणखत आणि तलावाचा गाळ एवढंच. फिशमील मी आयुष्यात विकत घेतलं नाही आणि आमचा रोहू दोन किलोचा होतो. मग तुम्हाला एवढा त्रास का पडतोय, हे समजत नाही.

ढेपेवरून एक सांगतो, नवीन लोक फसतात म्हणून. मोहाची ढेप माशाला चारू नका! तिच्यातल्या सॅपोनिनने मासा मरतो, त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. बीज सोडायच्या आधी तलावातले मरळ, शिंगी असले शिकारी मासे काढायला आम्ही ती मुद्दाम घालतो, हेक्टरी एक मीटर पाण्याला २५०० किलोच्या हिशोबाने. दोन-तीन आठवड्यांत विष उतरतं, मग तीच ढेप खत होते आणि नंतर बोटुकली सोडतो. एका पोरानं "ढेप ती ढेप" म्हणून हीच चारली होती. सकाळी सगळं तळं पांढरं झालेलं मी डोळ्यांनी पाहिलंय.

---

तळ्याकाठी

ताई, हे कुणी आधी सांगितलं असतं तर माझे दोन महिने वाचले असते. मनापासून आभार. काल गावच्या कृषी सेवा केंद्रातून डीओसीचा नमुना आणून हळदीचा कागद लावून पाहिला. पिवळाच राहिला. मग घरच्या कच्च्या भरड्यावर केला. झाकण काढताच नाकात झणका गेला, कागद विटकरी लाल. बायको म्हणाली, हे तर कुंकू झालं.

भंडाऱ्याच्या दादांचा प्रश्न मलाही पडलाय. त्यांच्याकडे नुसत्या कोंडा-ढेपेवर जमतं, माझ्याकडे का जमू नये?

---

मत्स्यपोषण

या प्रश्नाचं उत्तर तुमच्या अस्तरात आहे.

मातीच्या तलावात मासा फक्त तुम्ही घातलेलं खात नाही. गाळ, शेवाळ, पाण्यातले बारीक किडे, प्राणीप्लवक हे सगळं तो दिवसभर खातो. प्राणीप्लवकात उत्तम प्रतीचं प्रोटीन असतं, फिशमीलच्या तोडीचं. म्हणजे भंडाऱ्याच्या तलावातलं फिशमील तलाव स्वतःच तयार करतो. ढेप फक्त जोडीला. तुमच्या तळ्यात खाली प्लास्टिक, गाळ नाही, पाणी बागेसाठी उपसलं जातं आणि माशांची संख्याही दाट. तिथे मासा जवळपास पूर्णपणे तुमच्या हातावर जगतो. धरणातल्या पिंजऱ्यात तर आणखीच. म्हणून तुमचं खाद्य परिपूर्ण असायला हवं, त्यांचं अर्धवट असलं तरी चालतं.

परिपूर्ण म्हणजे नुसता प्रोटीनचा टक्का नव्हे. पोत्यावर छापलेला टक्का म्हणजे नायट्रोजन मोजून त्याला ६.२५ ने गुणलेलं उत्तर. त्यात युरिया मिसळला तरी टक्का वाढतो! माशाला हवी असतात अमिनो आम्लं, ठरावीक प्रमाणात. सोयाबीनमध्ये मिथिओनिन कमी पडतं, शेंगदाणा आणि सरकीत लायसिन. तीळ पेंडीत मिथिओनिन भरपूर, पण लायसिन तोकडं. म्हणून एकाच पेंडीवर राहू नका. दोन-तीन एकत्र केल्या की एकीची उणीव दुसरी भरून काढते. वरण-भातात जे होतं तेच.

सरकी पेंडीत गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य असतं, १०-१५ टक्क्यांच्या पुढे जाऊ नका. मोहरी पेंडीचा तिखटपणा माशाला आवडत नाही आणि थायरॉइडवर परिणाम होतो, तीही थोडीच. शेंगदाणा पेंड पावसाळ्यात दमट झाली की बुरशी येते आणि अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होतं. ते डोळ्यांना दिसत नाही. कुबट वास आला की पोतं सरळ खतात टाका. पैशाकडे बघून चारू नका, माशाचं यकृत खराब होतं.

आता फॉस्फरस. पेंडीतला ६०-७० टक्के फॉस्फरस फायटेटच्या रूपात बांधलेला असतो आणि तो सोडवणारं फायटेज हे विकर माशाच्या पोटात नसतं. न पचलेला फॉस्फरस पाण्यात जातो, त्यावर हिरवं शेवाळ माजतं आणि पहाटे ऑक्सिजन कोसळतो. उपाय दोन: खाद्यात फायटेज मिसळायचं, नाहीतर फॉस्फरस वरून द्यायचा. इथे एक मुद्दा आहे जो तुमच्या बाजूने जातो. रोहू, कटला, मृगळ यांना जठर नाही! घशातून थेट आतडं. म्हणजे पोटात आम्ल नाही. फिशमीलमधला बराचसा फॉस्फरस माशाच्या हाडांत असतो आणि हाड विरघळायला आम्ल लागतं. म्हणून ज्या फॉस्फरससाठी फिशमीलचं एवढं कौतुक होतं, तो या माशांना नीट मिळतच नाही. मोनोकॅल्शियम फॉस्फेट त्यांना जास्त मानवतं. डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट) त्याच्या मागे.

हिशोबासाठी एक सोपी रीत. समजा डीओसी ४६ टक्के, तेल काढलेला कोंडा १५ टक्के, आणि हवंय २८. डीओसीचे भाग = २८ वजा १५ = १३. कोंड्याचे भाग = ४६ वजा २८ = १८. एकूण ३१ भागांत १३ डीओसी, म्हणजे साधारण ४२ टक्के. त्यातली थोडी डीओसी काढून शेंगदाणा पेंड घाला, बांधणीला थोडं गव्हाचं पीठ, वर खनिज-जीवनसत्त्व मिश्रण आणि जरासं तेल. मोठ्या रोहू-कटल्याला २५ ते ३० टक्के प्रोटीन पुरतं. ४० टक्क्यांचं महाग खाद्य घातलं तर जास्तीचं प्रोटीन कल्ल्यांतून अमोनिया होऊन बाहेर पडतं. पैसा जातो, पाणीही बिघडतं.

---

सोयाबीनवाला

आम्ही अहमदपूरचे, दहा एकर सोयाबीन. मासे पाळत नाही, पण धागा जिव्हाळ्याचा वाटला.

२०२१ च्या पावसाळ्यात सोयाबीन पहिल्यांदा क्विंटलला दहा हजारांच्या घरात गेलं. आम्ही म्हटलं, यंदा देणी फिटतील. ऑगस्टमध्ये १२ लाख टन जीएम (जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची) सोयापेंड आयात करायला परवानगी मिळाली. कोंबडीवाल्यांबरोबर मत्स्यखाद्यवाल्यांचीही तीच मागणी होती, पेंड परवडत नाही म्हणून. आमचा माल बाजारात यायच्या वेळेला भाव खाली आला होता. हमीभाव २०२४-२५ ला ४,८९२ रुपये होता, बाजारात त्याच्याही खाली विकावं लागलं. २०२५-२६ साठी ५,३२८ जाहीर झाला, पण जाहीर होणं आणि हातात पडणं यात फार अंतर आहे.

त्यात आता डीडीजीएस आलंय. मका आणि तांदळापासून इथेनॉल काढल्यावर जो चोथा उरतो तो. पेंडीपेक्षा स्वस्त, म्हणून खाद्यवाले तिकडे वळलेत आणि डीओसीची मागणी घटली. माझं म्हणणं एवढंच: तळ्याकाठी यांच्यासारखे शेततळीवाले जर गावातल्याच सोयाबीनचं खाद्य गावातच करणार असतील, तर आम्ही लागेल तेवढं देऊ. आमचा शेतकरी सोयाबीन विकतो आणि तुमचा शेतकरी त्याचंच खाद्य चौपट भावाने दुसऱ्या राज्यातून आणतो, याचं फार वाईट वाटतं.

---

मत्स्यपोषण

सोयाबीनवाले दादा, तुमचं दुःख समजतं. डीडीजीएसबद्दल थोडं सांगते. तांदळाच्या डीडीजीएसमध्ये ४० ते ४५ टक्के प्रोटीन असतं, मक्याच्यात २६ ते ३०. टाकाऊ नाही तो पदार्थ. पण स्टार्च निघून गेल्यामुळे मूळ धान्यात बुरशीचं विष असेल तर ते चोथ्यात जवळपास तिप्पट घट्ट होतं. आणि वाळवताना करपलं तर लायसिन गेलंच. माशाला सोयापेंड हटवून पूर्णपणे डीडीजीएस देणं मी सुचवणार नाही. थोडंसं, तेही तपासलेलं असेल तर.

---

कोळंबी_पालघर

रोहूचं ठीक आहे, आमचं जरा वेगळं. वन्नामी कोळंबी करतो, निमखारं पाणी. खाद्यात ३५ टक्क्यांच्या आसपास प्रोटीन. गेल्या काही वर्षांत कंपन्यांनी सोयापेंड वाढवली आणि फिशमील कमी केलं, हे आमच्या लक्षात येतं, कारण चेक ट्रे (कोळंबी किती खाते ते बघायला पाण्यात सोडलेली ताटली) खोटं बोलत नाही. खाद्य टाकल्यावर दोन तासांनी ट्रे उचलायचा. आवडीचं खाद्य असेल तर ट्रे चाटून पुसून साफ, कोळंबीची आतड्याची काळी रेघ डोक्यापासून शेपटीपर्यंत भरलेली. चव नसेल तर दाणे फुगून तसेच पडलेले आणि रेघ तुटक.

कोळंबी कोलेस्टेरॉल स्वतः बनवू शकत नाही. ते खाद्यातूनच यावं लागतं आणि कुठल्याच पेंडीत ते नसतं. त्यामुळे फिशमील काढलं की कोलेस्टेरॉल वेगळं घालावं लागतं, चवीसाठी माकुलाची किंवा जवळ्याची भुकटी लागते. दुसरं, कोळंबी दाणा गिळत नाही, हातात धरून कुरतडत बसते. दाणा पाण्यात दोन-तीन तास टिकला पाहिजे, नाहीतर पेंडीतले विरघळणारे घटक तळाला जातात आणि तळ काळा पडतो. तेव्हा घरगुती पेंडीचं खाद्य कोळंबीला करायला जाऊ नका. मी करून एक हंगाम गमावलाय.

---

बर्गनहून

नमस्कार. मूळ सांगलीचा, बरीच वर्षं नॉर्वेत आहे आणि सामन (सॅल्मन) माशाच्या खाद्याशी संबंधित काम करतो. इथला अनुभव तुमच्या चर्चेला उपयोगी पडेल असं वाटतं.

सामन हा पक्का मांसाहारी मासा. १९९० मध्ये इथल्या खाद्यात जवळजवळ ९० टक्के भाग समुद्रातून यायचा, फिशमील आणि माशाचं तेल. २०१३ पर्यंत तो ३० टक्क्यांवर आला आणि नंतर आणखी उतरला. बाकी सगळं वनस्पतीचं: सोया प्रोटीन कॉन्सन्ट्रेट, गव्हाचं ग्लुटेन, वाटाणा-बाकल्याचं प्रोटीन, रेपसीडचं तेल. इतक्या मांसाहारी माशात हे जमलं, तर रोहूत जमायला काहीच हरकत नाही.

सुरुवातीला साधी सोयापेंड घातली तेव्हा सामनच्या आतड्याच्या शेवटच्या भागात सूज यायची. घड्या आखूड होतात, मासा खातो पण अंगी लागत नाही. मुख्य कारण सोयातलं सॅपोनिन. ते अल्कोहोलने धुऊन काढलेलं कॉन्सन्ट्रेट वापरायला लागल्यावर प्रश्न सुटला. (भंडाऱ्याच्या दादांनी मोहाच्या ढेपेचं लिहिलंय, तिथेही सॅपोनिनच. वाचून अंगावर काटा आला.) रोहूचं आतडं लांब आणि वनस्पतीला सरावलेलं, त्याला हा त्रास तितका नाही.

पण एक प्रश्न सुटला की दुसरा उभा राहतो. ते सोया बरंचसं ब्राझीलहून यायचं. समुद्र वाचवताना जंगल तुटतंय का, हे लोक विचारायला लागले आणि पुरवठादारांना जंगलतोड न झालेल्या जमिनीवरचंच सोयाबीन घ्यावं लागलं. लातूरला हा प्रश्न नाही, सोयाबीन शेजारच्या शिवारातलं आहे. याचं मोल तुम्हाला तिथे बसून कदाचित जाणवणार नाही.

आणखी एक. जगातलं सर्वांत जास्त फिशमील पेरूहून येतं, तिथल्या अँचोव्ही माशाचं. एल निनोच्या वर्षी समुद्र तापतो आणि तो मासा नाहीसा होतो. २०२३ ला पेरूने वर्षाचा पहिला हंगामच रद्द केला आणि जगभर फिशमीलचे भाव चढले. म्हणजे औशातल्या पोत्याचा भाव पेरूच्या समुद्राच्या तापमानावर ठरतो.

---

बंदरकर

सगळ्यांचं वाचलं. मी मच्छीमार घरातला, मिरकरवाड्याचाच म्हणा. तळ्याकाठी, तुम्ही फावड्याचं वर्णन केलंत ते खरं आहे, नाकारत नाही. पण दुसरी बाजू लिहिली पाहिजे.

ट्रॉलरच्या जाळ्यात बारीक मासळी येतेच. ती फिशमीलला गेली तर खलाशांना चार पैसे मिळतात. डिझेलचा खर्च एवढा झालाय की नुसत्या चांगल्या मासळीवर फेरी निघत नाही. आणि तारलीच्या हंगामात एकदम एवढी तारली येते की खाणार कोण? बर्फ नाही, शीतगृह कमी. कारखान्याने घेतली नाही तर किनाऱ्यावर कुजते. कापलेल्या मासळीची डोकी, काटे, आतडी यांचंही फिशमील होतं, त्यात काय वाईट? सगळ्याला एका तराजूत तोलू नका.

---

तळ्याकाठी

बंदरकर दादा, तुम्ही लिहिलंत हे चांगलं झालं. माझा मामा आयुष्यभर समुद्रावर गेला, खलाशांबद्दल माझ्या मनात काहीच वाईट नाही. कापलेल्या मासळीच्या काट्या-डोक्यांचं फिशमील झालं तर मी आनंदाने वापरेन.

माझं म्हणणं पिल्लांबद्दल आहे. साधारण साडेचार किलो ओल्या मासळीचं एक किलो फिशमील होतं. समजा रोहूच्या एक टन खाद्यात ८ टक्के फिशमील घातलं. ८० किलो. म्हणजे ३६० किलो ओली मासळी. त्या एका टनात, दीड किलो खाद्याला एक किलो मासा धरला, तर साडेसहाशे किलोच्या वर रोहू तयार होतो. ३६० किलो मासळी घालून साडेसहाशे किलो, आणि घातलेली मासळी अशी की जी मोठी झाली असती तर तुमच्याच जाळ्यात पाचपट वजनाने आली असती. हे नुकसान आधी तुमचं, मग माझं.

२०२३ मध्ये राज्य सरकारने ५४ जातींच्या माशांना किमान आकार ठरवून दिला, त्याहून लहान पकडायची नाही म्हणून. कायदा कागदावर आहे. पिल्लं विकत घेणारं गिऱ्हाईक जोवर आहे तोवर जाळ्याचा आस (भोक) बारीकच राहणार. आणि त्या गिऱ्हाइकाच्या साखळीत शेवटी मी बसलोय, तळ्याच्या काठावर, पोतं हातात घेऊन. मला तिथून उठायचंय एवढंच.

---

बंदरकर

हे पटलं. पिल्लांच्या बाबतीत माझा वाद नाही. आमच्याच पोरांना पुढे मासळी मिळायची नाही, हे आम्हालाही कळतं. आस मोठा केला तर पहिली दोन वर्षं कोण तारणार, तेवढं कुणी सांगत नाही.

---

अलिबागकडचा

जिताड्यासाठी काही उपाय आहे का? आमच्याकडे खाडीतली जिताड्याची पिल्लं आणून गावतळ्यात वाढवायची जुनी पद्धत आहे. त्याला बारीक मासळीच घालतो.

---

मत्स्यपोषण

जिताडा शिकारी मासा, ४० टक्क्यांच्या वर प्रोटीन लागतं आणि चवीचा फार चोखंदळ. सोयापेंडीने थोडा भाग बदलता येतो, सगळा नाही. टॉरीन हा घटक वनस्पतींत नसतो, तो वरून द्यावा लागतो. लहानपणापासून दाण्याची सवय लावलेलं बीज घ्या. जिवंत मासळीवर वाढलेला जिताडा नंतर दाण्याला तोंड लावत नाही. तुम्ही निदान कापलेल्या मासळीची डोकी-शेपट्या वापरून बघा, पिल्लं नकोत.

---

तळ्याकाठी

सहा आठवड्यांनी लिहितोय. ज्यांनी ज्यांनी मदत केली त्यांना कळवणं माझं कर्तव्य आहे.

ताईंनी सांगितलं त्यावरून हे मिश्रण ठरवलं, १०० किलोसाठी: सोया डीओसी ४०, तेल काढलेला कोंडा ३३, गव्हाचं पीठ १२, शेंगदाणा पेंड १०, सोयाबीन तेल २, खनिज-जीवनसत्त्व मिश्रण २, मोनोकॅल्शियम फॉस्फेट १. हिशोबाने २९ टक्क्यांच्या जवळ जातं. शेंगदाणा पेंड एका वेळी पंधरा दिवसांचीच आणतो आणि फळीवर ठेवतो, जमिनीला टेकवत नाही.

गावातल्या बचत गटाकडे शेवयांचं मोठं मशीन आहे, उन्हाळा सोडून बंदच असतं. पीठ वाफवून, मळून, त्यातून जाड शेवया काढतो आणि पत्र्यावर वाळवतो. दोन बायकांना रोज दोन तास काम मिळालं. वाळल्यावर हाताने मोडले की दाणे तयार. ते तरंगत नाहीत, बुडतात, त्यामुळे पहिल्या आठवड्यात बरंच खाद्य अस्तरावर वाया गेलं आणि पाणी हिरवं झालं. मग आंध्राकडची पद्धत वापरली: खाद्याच्या रिकाम्या पोत्यांना खालून भोकं पाडून, आत खाद्य भरून ती बांबूला दोरीने पाण्यात अर्धी लोंबकळत सोडायची. पहिले दोन दिवस काहीच नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी सातला गेलो तर सहाच्या सहा पोती हलत होती, दोऱ्या ताणल्या जात होत्या, भोकांना तोंडं लावून मासे खालून ओढत होते. मी तिथेच खाली बसलो. मुलगी दप्तर घेऊन शाळेला निघाली होती, तीही थांबली.

काल जाळं टाकलं. पुन्हा २० मासेच मोजायचे ठरवले होते. सरासरी ४३० ग्रॅम. सहा आठवड्यांत ९५ ग्रॅम. तयार खाद्याच्या पहिल्या वर्षाइतकी वाढ नाही, थोडी कमीच आहे, पण खाद्याचा खर्च बराच खाली आलाय. आकडे विक्रीनंतर पक्के टाकतो.

सोयाबीनवाले दादा, डीओसी सध्या लातूरहून आणतोय. तुमच्याकडचं सोयाबीन घेऊन गावातच उकळून वापरावं म्हणतो, मग तेल वेगळं घालायला नको. ताई, अख्खं उकळलेलं सोयाबीन घेतलं तर कोंड्याचं प्रमाण किती ठेवू? आणि फायटेज घालायचं तर शेवया वाळल्यावर फवारायचं ना? वाफेत मरेल म्हणून विचारतोय.

---

मत्स्यपोषण

हो, वाळवून गार झाल्यावरच. थोड्या तेलात किंवा पाण्यात कालवून वरून फवारा, आणि पुन्हा उन्हात टाकू नका, सावलीत सुकवा. उकळलेल्या सोयाबीनचा हिशोब: ते वाळवून भरडल्यावर ३८ टक्के प्रोटीन धरा, आणि एकूण मिश्रणात २०-२५ टक्क्यांच्या वर नको, तेल जास्त होईल. उरलेलं डीओसीनेच भरा. पहिल्या घाण्याचा हळदीचा कागद लावून बघा आणि इथे कळवा.